देव फ्लॅटवर आहेत

“मावशी, उद्या दुपारपुरती तुम्ही माझी सासू व्हा ना.”

प्राजक्ताचा फोन आला तेव्हा मी करमाडच्या घरात पितळेची भांडी मोजत होते. सकाळचं शूटिंग आटोपून मंडळी गेली होती आणि एक तांब्या कमी भरत होता.

“सासू आमच्या यादीत नाही,” मी म्हणाले. “घर, अंगण, चूल, बाज, भांडी आणि म्हैस. एवढंच मिळतं.”

“मस्करी नाही करत हो. तेलवाले काका जेवायला येतायत. घरी.”

“कुणाच्या घरी?”

“म्हणजे... आपल्या.”

तांब्या सापडला. म्हशीच्या गोठ्यात होता. पण प्रश्न सुटला नव्हता, आणि तो समजायला माझा धंदा आधी सांगायला हवा.

मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर्स विभागात होते. नट-बोल्टपासून हातमोज्यांपर्यंत आत काय आलं, बाहेर काय गेलं, ते बघणं हे माझं काम. नोकरी सोडल्यावर घरी बसून करमेना. करमाडजवळ माझ्या दिरांचं जुनं घर होतं. ते शहरात राहायला आल्यापासून कुलूपबंद. पांढऱ्या मातीच्या भिंती, सारवलेलं अंगण, कडुनिंब, मागे शेत. आमच्या बजाजनगरच्या ओळखीतल्या एका मुलीनं तिथं चुलीवरच्या पिठल्याचा व्हिडिओ काढला. पुढच्या आठवड्यात तिच्या मैत्रिणीचा फोन आला. मग तिच्या मैत्रिणीचा. मी चूल दुरुस्त करून घेतली, जुनी भांडी जमवली, दाराला एक वही टांगली आणि घर अर्ध्या दिवसाच्या भाड्यानं देऊ लागले. याला ‘लोकेशन’ म्हणतात. मी लोकेशन चालवते.

येणारे सगळे इन्फ्लुएन्सर. म्हणजे फोनवर छोटे व्हिडिओ टाकून ज्यांना बघणारे मिळाले आहेत आणि त्या बघणाऱ्यांमुळे ज्यांना जाहिराती मिळतात, असे लोक. त्यांच्या व्हिडिओत माझं घर एकीचं सासर आहे, दुसरीचं आजोळ आहे आणि एका दाढीवाल्या मुलाचं ‘पुण्यातली नोकरी सोडून मी परत आलो ते घर’ आहे. आमच्या म्हशीला एक जण गंगी म्हणतो, दुसरी चंद्री. म्हैस कुणालाच ओ देत नाही.

माझं मुख्य काम हे घर ओळखू येऊ न देणं. त्यासाठी ‘कंटिन्युइटी’ सांभाळावी लागते. एकाच्या व्हिडिओत जे जसं दिसलं ते पुढच्या वेळी तसंच दिसायला हवं आणि दुसऱ्याच्या व्हिडिओत दिसता कामा नये. म्हणून प्राजक्ताच्या दिवशी दाराला हिरवा पडदा, बाज कडुनिंबाखाली. दाढीवाल्याच्या दिवशी पडदा नाही, बाज ओसरीवर. प्रत्येकाची यादी दारामागे लावलेली आहे. माझे नियमही साधे आहेत. चूल विझवून जायचं, म्हशीला बिस्किटं द्यायची नाहीत, आणि घर कुणाचं हे मी बाहेर सांगणार नाही, पण मला कुणी तोंडावर विचारलं तर खोटंही बोलणार नाही. बिस्किटांचा नियम कुणी पाळत नाही.

प्राजक्ता माझी सगळ्यात चांगली गिऱ्हाईक. पूर्वी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. आता ‘गावाकडची धाकटी सून’ या नावानं व्हिडिओ करते. डोक्यावर पदर, हातभर बांगड्या आणि तोंडात ‘लई’, ‘व्हय’, ‘नाय’. कॅमेरा बंद झाला की पदर खांद्यावर आणि “मावशी, इथे रेंज कुठे येते?” राहते उल्कानगरीजवळच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, नवरा आणि सासूबरोबर. व्हिडिओचा जम बसतोय म्हणून तिनं लॅब सोडली होती. नवरा म्हणाला होता, दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर परत जा. आणि तेवढ्यात हे तेलवाले आले.

करडईच्या तेलाचा लाकडी घाणा. मालक भानुदासराव. त्यांच्या बायकोला, शकुंतलाबाईंना, प्राजक्ताचे व्हिडिओ फार आवडत. प्राजक्ताचा फोटो तेलाच्या डब्यावर छापायचा आणि वर्षभर जाहिरात तिनंच करायची, असं जवळजवळ ठरलं होतं. ‘जवळजवळ’ अशासाठी की भानुदासरावांची एक पद्धत होती. ज्याच्याशी मोठा व्यवहार करायचा त्याच्या घरी एकदा जेवायचं. कागद नंतर.

“काहीतरी सांगून टाळ,” मी म्हणाले.

“दोनदा टाळलं. आता तारीख त्यांनीच कळवलीय.”

“मग तुझ्या खऱ्या सासूबाईंना आण.”

“आत्याबाई म्हणतात, दुसऱ्याच्या ओसरीवर बसून मी यजमानीण होणार नाही.”

बाई मला न भेटताच आवडल्या.

“मीही होणार नाही,” मी म्हणाले. “सासू थोरल्या मुलाकडं गेलीय असं सांग. आणि ऐक, मला विचारलं तर मी खरं सांगेन.”

“तुम्हाला नाही विचारणार. तुम्ही शेजारच्या मावशी.”

दुसऱ्या दिवशी प्राजक्ता दहाच्या आधीच आली, रिक्षात दोन कुकर आणि एक कॅसरोल घेऊन. भरली वांगी आणि येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी घरच्या गॅसवर झाली होती. ती मातीच्या हंड्यांत ओतून चुलीवर ठेवली. भाकऱ्या मात्र ती तिथंच थापणार होती, आणि हे मुद्दाम लिहिते, कारण तिच्या भाकऱ्या खरोखर चांगल्या असतात. कडेपर्यंत सारख्या आणि टम्म फुगलेल्या. त्यात कॅमेऱ्याची काही करामत नाही.

मी हिरवा पडदा लावला. बाज कडुनिंबाखाली नेली. कोपऱ्यातल्या कोनाड्यातलं देवघर पुसलं. देवघर म्हणजे एका देवीची तसबीर, समई आणि कापडी झेंडूची माळ. दिरांनी घर सोडताना त्यांचे देव बरोबर नेले होते. कोनाडा रिकामा वाईट दिसायचा म्हणून ही व्यवस्था.

पाहुणे आले. भानुदासराव उंच, पांढऱ्या शर्टातले, पायातल्या चपला बाहेर नीट जोडीनं ठेवणारे. शकुंतलाबाई त्यांच्या निम्म्या उंचीच्या आणि दुप्पट बोलणाऱ्या.

“अगंबाई, सेम तसंच घर हाय की!” त्या दारातूनच म्हणाल्या. “ती बाज बघा. आन् ती चंद्री का?”

“व्हय काकू, चंद्री,” प्राजक्ता पदर सावरत म्हणाली. आवाज व्हिडिओतला.

भानुदासराव सरळ म्हशीकडं गेले. शेतकरी माणूस माणसांआधी जनावराला भेटतो. पाठीवरून हात फिरवून त्यांनी वाकून बघितलं.

“दूध किती देती?”

“सकाळ-संध्याकाळ चरवी भरून,” प्राजक्ता म्हणाली.

भानुदासरावांनी पुन्हा एकदा म्हशीकडं बघितलं. म्हैस भाकड होती, म्हणजे कधीचंच दूध आटलेली. दुभती म्हैस शूटिंगच्या वेळा पाळत नाही म्हणून मी मुद्दाम भाकड ठेवली होती. हे प्राजक्ताला सांगायचं राहिलं. तिला तरी काय ठाऊक, ती लॅबवाली.

“आन् तुम्ही?” त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं.

“ह्या शेजारच्या मावशी,” प्राजक्ता घाईनं म्हणाली.

“घर कुठलं तुमचं?”

विचारलं होतं. तोंडावर.

“बजाजनगर,” मी म्हणाले.

“बजाजनगर!” भानुदासरावांनी रस्त्याकडं बघितलं. “म्हंजे शहराच्या पार त्या टोकाला. लई लांब शेजार हाय मग तुमचा.”

“येऊन-जाऊन असते,” मी म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. खोटं एक अक्षर बोलले नव्हते.

ओसरीवर बसल्यावर शकुंतलाबाईंनी चौकशी सुरू केली. हे आमच्याकडं टळत नाही. दोन माणसं भेटली की आधी गाव, मग आडनाव, मग भावकी, मग कुणाची कोण कुठं दिली आहे, असं करत एखादं नातं सापडेपर्यंत मागं जायचं. नातं सापडलं की हाक कशी मारायची ते ठरतं आणि मग माणूस सैल बसतो. प्राजक्तानं आपलं खरं आडनाव सांगितलं आणि सासरचं गाव म्हणून करमाड सांगितलं. शकुंतलाबाई विचारात पडल्या.

“करमाडात ह्या आडनावाचं कोण हाय गं? आमची चुलत नणंद दिलीय तिथं. कधी ऐकलं नाय.”

“आम्ही जरा बाजूला आहोत, शेतात.”

“सासूबाई कुठंयत?”

“आत्याबाई थोरल्या दिराकडं गेल्यात.”

“मग राहिलं. त्यांना भेटायचं होतं. व्हिडिओत लई बोलतात तुला.”

व्हिडिओत सासू दिसत नसे, नुसता आवाज यायचा. “मीठ बघून टाक, मागल्या बारीला समुद्र केला होता!” असं काहीतरी. तो आवाज खऱ्या आत्याबाईंचा. त्या फ्लॅटवरून व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायच्या. त्या सगळ्या व्हिडिओत शंभर टक्के खरी तेवढी एकच गोष्ट होती.

जेवणं झाली. भानुदासरावांनी तिसरी भाकरी मागून घेतली. हात धुताना ते म्हणाले, “वांगं झकास. चव खोटी नाय.” प्राजक्तानं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मला डब्यावरचा फोटो दिसायला लागला होता.

तेवढ्यात शकुंतलाबाईंनी पिशवीतून तेलाचा एक डबा काढला. कोरा, बिनछापाचा.

“हा आपला पहिला डबा. तुझ्या देवापुढं ठिवते. मग छापायला टाकू.”

आणि त्या उठून आत गेल्या. त्यांच्यामागं प्राजक्ता, आणि प्राजक्तामागं मी. भानुदासराव सुपारी कातरत दारात उभे राहिले.

कोनाड्यापुढं शकुंतलाबाई वाकल्या आणि तशाच थांबल्या.

“टाक कुठंयत?”

शेतकऱ्याच्या घरात देव म्हणजे तसबीर नाही. देव म्हणजे टाक. चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या बोटभर मूर्ती, कुलदैवताच्या आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या. टाक जिथं, ते घर. तसबीर पानाच्या टपरीतसुद्धा असते. एवढी साधी गोष्ट इतक्या महिन्यांत आमच्या एकाही यादीत आली नव्हती, कारण कॅमेऱ्याला ती कधी लागलीच नव्हती.

प्राजक्ता समईची वात सारखी करायला लागली. मग शकुंतलाबाईंनीच तोड काढली.

“हां! तू धाकटी ना. देव थोरल्या जावेकडं असतील. बरोबर हाय, देव थोरल्याचेच.”

सुटलो. इतकी सोपी सुटका मी कारखान्याच्या ऑडिटमध्येही बघितली नव्हती. प्राजक्तानं फक्त मान हलवायची होती. म्हैस निभावली होती, शेजार निभावला होता, भावकीही निभावली होती. मी मागून तिच्या पाठीला बोट लावलं, हो म्हण.

“त्यांच्याकडे कशाला असतील?” प्राजक्ता म्हणाली. ‘लई’ नाही, ‘व्हय’ नाही, रेंज कुठे येते विचारणारा तिचा नेहमीचा आवाज. “देव माझ्याकडे आहेत. आत्याबाईंनी माझ्या हातात दिलेत. सगळ्या भावकीसमोर.”

“म्हंजे?”

“म्हणजे सहा महिने आत्याबाईंचं पायाचं दुखणं मी काढलं. थोरल्या जाऊबाई बघायलासुद्धा आल्या नाहीत आणि नंतर देव मागायला आल्या. आत्याबाई म्हणाल्या, मी जिथं तिथं देव, आणि मी हिच्याकडं. तेव्हापासून जाऊबाई बोलत नाहीत माझ्याशी. रोज पूजा मी करते. आणि मी आता म्हणू की देव त्यांच्याकडे आहेत?”

घर दुसऱ्याचं सांगून झालं, बोली दुसऱ्याची बोलून झाली, पण जावेला फुकटचा मोठेपणा द्यायला जीभ वळेना.

“अगं पण मग देव हायेत कुठं?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

प्राजक्तानं एकदा कोनाड्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

“उल्कानगरीला,” ती म्हणाली. “फ्लॅटवर. फ्रिजशेजारी.”

मग सगळंच बाहेर आलं. हे घर भाड्याचं, ते ह्या मावशी चालवतात, म्हैस त्यांची, वांगी गॅसवरची. भाकरी माझी, हे तिनं दोनदा सांगितलं. मग ओट्यावर बसून पदरानं डोळे पुसले. पदर तेवढ्यापुरता उपयोगी आला.

भानुदासराव म्हणाले, “मला म्हशीपाशीच कळलं होतं. भाकड म्हैस चरवी भरून दूध देती म्हनं.”

“मग बोलला का नाय?” शकुंतलाबाई कडाडल्या.

“जेवण राहिलं असतं,” भानुदासराव हसत म्हणाले.

“हसताय काय! माझी फसवणूक झाली. मी रोज बघते हिला.”

“तेच म्हणतो मी.” भानुदासराव आता गंभीर झाले. “डब्यावर फोटो नाय छापायचा. उद्या लोकांना कळलं की घर खोटं, तर म्हणतील तेलबी खोटं. गिऱ्हाइकाला खोटं दाखवून धंदा होत नाय.”

शकुंतलाबाईंचा राग ज्या वेगानं आला त्याच वेगानं वळला.

“अस्सं? आन् आपल्या डब्यावर बैल कुणाचा हाय?”

“कुठला बैल?”

“घाण्याला जुंपलेला! शिंगं रंगवलेला! आपला घाणा मोटारीवर फिरतो. बैल शेवटचा तुमच्या वडलांनी विकला.”

“ते चित्र हाय.”

“मग हिचंबी चित्रच होतं!”

भानुदासराव सुपारी कातरायला लागले. सुपारी आधीच कातरून झाली होती.

प्राजक्ता चूल विझवायला उठली. व्यवहार संपला असं तिनं धरलं होतं, मीही. पण शकुंतलाबाईंनी डबा पिशवीत घातला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “चला. आणलाय तर देवापुढं ठिवूनच जाऊ. रस्त्यावरच हाय उल्कानगरी.”

मला रस्ता तोच. मीही गाडीत बसले.

तिसऱ्या मजल्यावर दार आत्याबाईंनी उघडलं. अंगात गाऊन, एका हातात रिमोट. चार माणसं बघून त्यांनी सुनेकडं जी नजर टाकली ती कुठल्या व्हिडिओत आली नाही हे नुकसानच.

“फोन करता येत नाय का? पाव्हणे आणतीस आन् मी अशी! मी म्हणलंच होतं, हे भाड्याचं नाटक अंगलट येणार.”

“आलं,” प्राजक्ता म्हणाली.

शकुंतलाबाई तिथल्या तिथं खूश झाल्या. आवाज ओळखला होता.

आत्याबाई लुगडं नेसून येईपर्यंत आम्ही देव बघितले. फ्रिजशेजारी लाकडी फळी, त्यावर लहानसा देव्हारा, आत टाक ओळीनं, घासून लख्ख. सकाळचं फूल वाहिलेलं. शकुंतलाबाईंनी कोरा डबा पुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. भानुदासरावांनीही जोडले. मग आत्याबाई आल्या आणि चहा उकळेपर्यंत नातं सापडलं. आत्याबाईंचं माहेर फुलंब्रीकडचं आणि भानुदासरावांच्या आत्या त्याच गावात दिलेल्या. “म्हंजे तुम्ही आमच्या आत्याच लागता,” भानुदासराव म्हणाले आणि सैल बसले.

निर्णय मात्र त्यांनी बदलला नाही. डब्यावर फोटो नाही. वर्षभराचा करारही नाही. “थोडे व्हिडिओ कर,” ते म्हणाले, “पण ह्याच ओट्यावर. गॅस दिसू दे. मग बघू.”

“आन् मी?” आत्याबाईंनी विचारलं.

“तुम्ही बोला की. तुमच्यासाठी तर ही बघते.”

“बोलंन. पण गाऊनवर दिसणार नाय.”

प्राजक्तानं त्याच आठवड्यात फ्लॅटच्या ओट्यावरून व्हिडिओ टाकला. चूल भाड्याची होती, घर भाड्याचं होतं, मी इथं राहते, हे सरळ सांगितलं. पुढचे काही दिवस वाईट गेले. खाली लोक काय काय लिहीत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. ‘फसवलं’ हा त्यातला सभ्य शब्द. बघणारे धडाधड गळाले. तिनं लॅबमध्ये अर्धवेळ काम परत धरलं. दिवाळी आली तेव्हा बघणारे पूर्वीपेक्षा कमीच होते, पण राहिलेले आत्याबाईंची बोलणी ऐकायला न चुकता यायचे आणि भानुदासरावांनी व्हिडिओंचं काम पुढं चालू ठेवलं. नवऱ्यानं मुदतीचा विषय काढला नाही. बैल अजून डब्यावर आहे. जुने छापलेले डबे संपले की काढू, असं भानुदासराव सांगतात. ते संपलेले मी तरी अजून बघितले नाहीत.

माझ्या धंद्याचं काय झालं? प्राजक्तानं माझं नाव घेतलं नव्हतं, पण घर सगळ्यांनी ओळखलं. आजोळवालीनं बुकिंग रद्द केलं. दाढीवाल्यानं फोनवर मला धंद्याची निष्ठा शिकवली आणि पुढच्या महिन्यात स्वतः पुण्याला जाऊन परत नोकरीला लागला. थोडे दिवस अंगण रिकामं राहिलं, म्हैस बिस्किटांशिवाय हिरमुसली. मग एका नव्या मुलीनं बिचकत विचारलं, “लोकेशन भाड्याचं आहे असं खाली लिहिलं तर तुमची हरकत नाही ना?” मी म्हणाले, “लिहा. फोन नंबरही लिहा.” तिनं लिहिला. आता पूर्वीपेक्षा जास्त बुकिंग येतात आणि हिरवा पडदा धुवून कपाटात टाकलाय. कंटिन्युइटीची कटकट संपली.

भाड्याच्या घरात भाकरी थापणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. माझं पोट त्यावर चालतं. पण बुकिंग घेताना आता एक प्रश्न जास्तीचा विचारते. इथं कुणी जेवायला येणार आहे का? येणार असेल, तर घर मिळत नाही.